बर्कलीत विद्यापीठ आणि शेजाऱ्यांचं नेमकं बिनसलं कुठे?

मार्च २०२२ मध्ये एक बातमी आली होती, बऱ्याच जणांना आठवत असेल, की बर्कलीच्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला त्या वर्षी जवळपास तीन हजार सीट कमी भराव्या लागणार. कारण काय, तर पैसा नाही असं नव्हतं, कोविडही नव्हता, कॅम्पसच्या आजूबाजूला राहणाऱ्या लोकांनी कोर्टात केस घातली होती आणि ते जिंकले होते. आपल्याकडे सोसायटीवाले बॅचलर पोरांना फ्लॅट देत नाहीत इथपर्यंत समजू शकतं, पण सोसायटीवाल्यांनी थेट विद्यापीठाच्या ॲडमिशनलाच ब्रेक लावला, हा काय प्रकार? तेव्हा जरा मागे जाऊन वाचत गेलो आणि लक्षात आलं की हे भांडण दीडशे वर्षांचं आहे, आणि मधल्या काळात दोन्ही बाजू एकच काम एकमेकांवर ढकलत आल्यात, ते म्हणजे या पोरांनी झोपायचं कुठे.

पहिली गंमत अशी की इथे विद्यापीठ आधी आलं आणि गाव नंतर. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया १८६८ ची, बर्कलीच्या जागेवर वर्ग भरायला लागले १८७३ मध्ये, आणि बर्कली हे रीतसर गाव झालं १८७८ मध्ये. त्याच्याही आधी १८६६ मध्ये, तिथे नुसती टेकडी आणि ओढा होता तेव्हा, न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणाऱ्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडने विद्यापीठाच्या आधीच्या कॉलेजच्या ट्रस्टींना एक नकाशा काढून दिला होता. त्यात कॉलेजच्या बाजूला चांगल्या घरांची एक वस्ती होती, झाडांखालून वळणं घेत जाणारा रस्ता होता (तो रस्ता आज पीडमॉन्ट ॲव्हेन्यू म्हणून आहे), म्हणजे कॉलेज आणि घरं एकमेकांना धरून राहतील अशी कल्पना. आज ज्यांचं एकमेकांशी पटत नाही ते दोघं एकाच कागदावर जन्मलेत.

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकतो कारण पुढचं सगळं तिच्यावर अडकतं. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेने या विद्यापीठाला जवळजवळ स्वतंत्र संस्थानासारखा दर्जा दिलाय. शहराचे झोनिंगचे, म्हणजे कुठे काय आणि किती बांधायचं याचे, नियम त्याला लागू नाहीत, स्वतःच्या शैक्षणिक जागेवर प्रॉपर्टी टॅक्सही नाही. म्हणजे गावातल्या माणसाला घरामागे एक खोली काढायची तर परवानगीसाठी चकरा, आणि विद्यापीठाला आठ मजले चढवायचे असतील तर गाव नुसतं बघत बसणार, वर पोलीस, फायर ब्रिगेड, रस्ते, ड्रेनेज यांचा भार गावाच्याच तिजोरीवर. ज्याला आपण कायद्याने अडवू शकत नाही असा शेजारी असला की माणूस आडवळणाचे मार्ग शोधतो.

सुरुवातीची पन्नास-साठ वर्षं विद्यापीठाने हॉस्टेल वगैरेच्या फारसं नादाला लागायचंच नाही असं ठरवल्यासारखं वागलं. पोरं खानावळीवाल्या घरांत, फ्रॅटर्निटीत (म्हणजे विद्यार्थ्यांच्या क्लबांच्या घरांत), कुणाच्या तरी माडीवर राहायची, गावातल्या घरमालकांना भाडं मिळायचं, सगळं सुरळीत. बोल्स हॉल हे पहिलं मोठं हॉस्टेल आलं थेट १९२९ मध्ये, आणि तेही एका बाईने दिलेल्या देणगीतून.

पण सुरळीत कुणासाठी, हा प्रश्न आहेच. परदेशी पोरं, आशियाई पोरं, काळी पोरं यांना बरेच घरमालक दारातूनच परत पाठवायचे. म्हणून हॅरी एडमंड्स नावाच्या गृहस्थाने रॉकफेलरच्या पैशातून तिथे इंटरनॅशनल हाऊस काढायचं ठरवलं, आणि जागा मुद्दाम पीडमॉन्ट ॲव्हेन्यूवर निवडली, जिथल्या फ्रॅटर्निटी अशा पोरांना आत घेत नव्हत्या. गावात विरोधासाठी सभा भरली, आठशेच्या वर लोक जमले. वेगवेगळ्या वंशाची पोरं आणि त्यात मुलं-मुली एकाच छताखाली, हे लोकांना झेपेना. तरी १९३० मध्ये ती इमारत उघडली. आज भारतातून, आपल्या पुण्या-मुंबईतून तिकडे गेलेली पोरं सहज 'आय-हाऊस' म्हणतात ते हेच. त्याच्याही आधी १९१६ मध्ये बर्कलीने एल्मवूड भागात 'इथे एका प्लॉटवर एकाच कुटुंबाचं घर' असं झोनिंग आणलं होतं, अमेरिकेतल्या अगदी पहिल्या अशा नियमांपैकी एक. कागदावर ते शांतता, मोकळी हवा असं गोड दिसायचं, पण नको ती माणसं लांब ठेवायची सोयही त्यातच होती, आणि २०२१ मध्ये खुद्द बर्कलीच्या सिटी कौन्सिलने ते मान्य करून हा नियम संपवायचा ठराव केला. एकशे पाच वर्षांनी.

दुसऱ्या महायुद्धानंतर पोरांची संख्या फुगली आणि विद्यापीठ दक्षिणेकडे सरकायला लागलं. टेलिग्राफ ॲव्हेन्यू आधी थेट कॅम्पसच्या सेदर गेटपर्यंत जायची, तिथपर्यंत दुकानं होती. तो शेवटचा तुकडा विद्यापीठाने गिळला, त्याच्यावर आज स्प्राउल प्लाझा आहे. हद्द हलली पण ती नेमकी कुठे गेली हे लोकांच्या डोक्यात स्पष्ट नव्हतं, त्यामुळे १९६४ मध्ये एक मजेशीर लोचा झाला. बॅन्क्रॉफ्ट आणि टेलिग्राफच्या कोपऱ्यावरच्या विटांच्या फूटपाथवर पोरं टेबलं मांडून राजकीय पत्रकं वाटायची, सगळे समजत होते की ही पट्टी शहराची आहे, मग विद्यापीठाने जाहीर केलं की ही आमची, टेबलं उचला. त्यातून जे पेटलं ते म्हणजे जगप्रसिद्ध फ्री स्पीच मूव्हमेंट. भाषणस्वातंत्र्याचा लढा म्हणून आपण वाचतो, पण ठिणगी पडली ती फूटपाथ कुणाचा यावरून.

आणि मग पीपल्स पार्क. याच्याशिवाय बर्कलीचं भांडण कळतच नाही.

१९५६ च्या विकास आराखड्यात विद्यापीठाने ठरवलं होतं की दक्षिणेकडची जागा घेऊन उंच हॉस्टेल बांधायची. त्यातली काही बांधलीही. १९६७ मध्ये हेस्ट, ड्वाइट आणि बोडिच या रस्त्यांच्या मधला, टेलिग्राफला लागून असलेला साधारण २.८ एकराचा तुकडा सक्तीच्या संपादनाने घ्यायचं ठरलं, खर्च १३ लाख डॉलर. तिथल्या जुन्या लाकडी घरांत स्वस्तात राहणारी पोरं, हिप्पी, चळवळे, काही जुनी कुटुंबं असे सगळे होते. विद्यापीठाच्या काही लोकांना ही वस्ती तिथून गेली तर बरंच, असंही वाटत होतं. घरं पाडली. आणि मग पैसे संपले, हॉस्टेल काही आलं नाही, राहिला तो चिखल आणि त्यात लोक गाड्या लावायचे. म्हणजे लोकांना घरातून काढलं आणि त्या जागी कुणाचंच घर केलं नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली विद्यापीठाची सगळ्यात मोठी चूक हीच, पुढची पन्नास वर्षं ते हिची किंमत मोजत होते.

२० एप्रिल १९६९ ला शेजारचे लोक आणि विद्यार्थी फावडी, हिरवळीचे गालिचे, रोपं घेऊन आले आणि त्यांनी स्वतःच बाग केली, तेच हे पीपल्स पार्क. कुणाची परवानगी नाही, काही नाही. महिनाही टिकली नाही. तेव्हा गव्हर्नर होता रोनाल्ड रेगन, तोच, पुढे प्रेसिडेंट झाला तो, आणि तो निवडूनच आला होता बर्कलीतला गोंधळ साफ करतो असं सांगून. १५ मेच्या पहाटे पोलीस आले, कुंपण घातलं, दुपारी स्प्राउल प्लाझावरून हजारो लोकांचा लोंढा पार्ककडे निघाला आणि शेरीफच्या माणसांनी बंदुका चालवल्या. जेम्स रेक्टर नावाचा २५ वर्षांचा तरुण एका छतावरून बघत होता, त्याला गोळी लागली आणि चार दिवसांनी तो गेला. ॲलन ब्लँचर्डचे डोळे गेले. नॅशनल गार्ड रस्त्यावर उतरले, आणि २० मे ला हेलिकॉप्टरमधून कॅम्पसवर अश्रुधूर सोडला, तो वाऱ्याने उडून आजूबाजूच्या घरांत शिरला. ज्यांना विद्यार्थ्यांबद्दल फार प्रेम नव्हतं असे शेजारीही त्या दिवसापासून विद्यापीठाकडे संशयाने बघायला लागले असतील तर नवल नाही.

आता यातला सगळ्यात भारी योगायोग बघा. याच रेगनने १९७० मध्ये कॅलिफोर्नियाच्या पर्यावरण कायद्यावर सही केली, तिकडे त्याला 'सीक्वा' म्हणतात. सरकारी संस्थेला मोठं काही बांधायचं असेल तर आधी त्याचे परिणाम तपासा, लोकांसमोर ठेवा, पर्यायांचा विचार करा, आणि हे नीट केलं नसेल तर कुणीही कोर्टात जाऊ शकतो. विद्यापीठाला झोनिंग लागू नाही, पण हा कायदा लागू आहे! शेजाऱ्यांच्या हाताला पहिल्यांदा काहीतरी लागलं.

त्याच सुमारास गावानेही दार लावून घेतलं. साठच्या दशकात बिल्डर लोक जुनी सुंदर घरं पाडून खोक्यासारखे अपार्टमेंट बांधत होते, त्याला वैतागून १९७३ मध्ये मतदारांनी 'वस्ती जपा' छापाचा शहराचा नियम पास केला, आणि पाडकाम-बांधकाम दोन्ही अवघड झालं. १९७८ मध्ये राज्यात प्रपोझिशन १३ नावाचा प्रॉपर्टी टॅक्सचा कायदा आला, जुन्या घरमालकाचा टॅक्स जवळजवळ गोठला, म्हणजे घराची किंमत दहापट झाली तरी त्याला घर सोडायचं कारण नाही, उलट नवीन घरं जितकी कमी तितकं त्याचं बरं. शहराची लोकसंख्या १९७० मध्ये १ लाख १५ हजारांच्या आसपास होती ती १९८० ला १ लाख ३ हजारांवर आली आणि पुढची वीस वर्षं तिथेच रेंगाळली. विद्यापीठ मात्र वाढतच होतं, आणि हॉस्टेलमध्ये जागा किती जणांना, तर साधारण २३ टक्के, अख्ख्या यूसी सिस्टीममध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सगळ्या कॅम्पसांत, सगळ्यात कमी. बाकीची पोरं एका खोलीत तीन, हॉलमध्ये दोन. आपल्या सदाशिव पेठेतला कॉट बेसिस, फक्त डॉलरमध्ये.

शेजाऱ्यांच्या तक्रारी खोट्या होत्या असं अजिबात नाही हं. रात्री दोनला पार्टी, पार्किंगची मारामारी, मे महिन्यात खोल्या खाली करताना फूटपाथवर गाद्या-सोफ्यांचा ढीग, एका कुटुंबाच्या घरात बारा पोरं कोंबलेली. हे रोज सहन करायचं म्हणजे डोकं उठणारच. आणि विद्यापीठ दिलेला शब्द पाळत नव्हतं. २००५ च्या आराखड्यात त्यांनी म्हटलं होतं की २०२० पर्यंत साधारण ३३,४५० विद्यार्थी असतील, पण २०१८ मध्येच आकडा ४० हजारांच्या वर गेला होता. मधे २००६ ते २००८ अजून एक नाटक झालं, स्टेडियमशेजारी खेळाडूंसाठी सेंटर बांधायला ओकची झाडं तोडायची होती, तर लोक झाडांवर चढून बसले ते तब्बल एकवीस महिने. खाली शहर आणि वरच्या टेकडीवरच्या रहिवाशांची संघटना कोर्टात, वर झाडावर आंदोलक. स्टेडियमच्या बरोबर खालून हेवर्ड फॉल्ट म्हणजे भूकंपाची भेग जाते, तोही मुद्दा होता. शेवटी झाडं गेलीच.

मग 'सेव्ह बर्कलीज नेबरहुड्स' नावाचा गट २०१८ मध्ये कोर्टात गेला, म्हणणं असं की विद्यार्थ्यांची संख्या वाढवणं हाही पर्यावरणावर परिणाम करणारा निर्णय आहे, तो तुम्ही न तपासता घेतलात. २०२१ मध्ये कोर्टाने संख्या ४२,३४७ वर गोठवायला सांगितली. विद्यापीठ राज्याच्या सुप्रीम कोर्टात स्थगितीसाठी गेलं, मार्च २०२२ मध्ये तिथेही नाही म्हटलं, आणि मग ती सुरुवातीची बातमी. पोरांचे आईबाप चिडले की आमदार कसे हलतात बघा, दीड आठवड्यात विधिमंडळाने एकमताने कायदा बदलला आणि गव्हर्नर न्यूसमने सही केली. शहराने मात्र शहाणपणा करून २०२१ मध्येच वेगळी तडजोड केली होती, विद्यापीठाकडून सोळा वर्षांत ८ कोटी २६ लाख डॉलर घ्यायचे आणि केसच्या भानगडीतून बाहेर पडायचं.

पीपल्स पार्कचं काय झालं म्हणाल, तर तिथे बाग म्हणा, बेघर लोकांचा आसरा म्हणा, असं काहीतरी पन्नास वर्षं चालू राहिलं. विद्यापीठाने परत प्लॅन आणला, साधारण ११०० विद्यार्थ्यांची सोय आणि त्याच जागेत बेघरांसाठी १२५ च्या आसपास घरं, काही भाग मोकळा ठेवून. परत केस. फेब्रुवारी २०२३ मध्ये अपील कोर्ट म्हणालं की तुम्ही दुसऱ्या जागांचा नीट विचार केला नाहीत आणि विद्यार्थ्यांच्या पार्ट्यांच्या आवाजाचाही अभ्यास केला नाहीत. म्हणजे माणसाचा गोंगाट हे प्रदूषण! यावर राज्यभर एवढा आरडाओरडा झाला की सप्टेंबर २०२३ मध्ये नवा कायदा आला, राहणाऱ्या माणसांचा आवाज हा पर्यावरणावरचा परिणाम धरायचा नाही. शेजाऱ्यांनी हत्यार इतकं ताणलं की त्याची धारच गेली, असं मला वाटतं.

जानेवारी २०२४ मध्ये मध्यरात्री शेकडो पोलीस आले, आतल्या लोकांना बाहेर काढलं आणि जागेभोवती कुंपणाऐवजी शिपिंगचे कंटेनर लावले, एकावर एक दोन, मिळून साधारण १६०. १९६९ चं कुंपण १९७२ मध्ये लोकांनी उपटून टाकलं होतं, हे उपटता येणार नाही अशी व्यवस्था. जूनमध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला आणि त्या उन्हाळ्यात काम सुरू झालं, जी हॉस्टेलं बांधायची म्हणून १९६७ मध्ये लोकांची घरं घेतली होती, त्याच जागेवर.