द फॉग ऑफ वॉर

‘द फॉग ऑफ वॉर’ हा एरल मॉरिस या अमेरिकी दिग्दर्शकाचा २००३ सालचा माहितीपट. जॉन केनेडी आणि लिंडन जॉन्सन या दोन राष्ट्राध्यक्षांच्या काळात अमेरिकेचे संरक्षणमंत्री असलेले (१९६१–६८) रॉबर्ट मॅकनमारा यांची प्रदीर्घ मुलाखत हा त्याचा कणा आहे. संगीत फिलिप ग्लास यांचे. कान महोत्सवात दाखवल्या गेलेल्या या चित्रपटाला पुढे सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर मिळाले.

मॅकनमारांचा जन्म १९१६ साली सॅन फ्रान्सिस्कोत झाला. हार्वर्डमध्ये शिकवत असतानाच दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलाच्या सांख्यिकी विभागात गेले आणि युद्ध संपल्यावर फोर्ड मोटार कंपनीत. नोव्हेंबर १९६० मध्ये १९०६ नंतरचे फोर्ड घराण्याबाहेरचे पहिले अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली. काही आठवड्यांतच केनेडींचे बोलावणे आले. ही चढती कमान चित्रपट भरभर उरकतो. त्याला रस आहे तो आकडेमोडीत तरबेज असलेल्या या माणसाने आपली हुशारी कशाकशासाठी वापरली, यात.

मॅकनमारांचे नाव व्हिएतनाम युद्धाशी जोडले गेले असले, तरी चित्रपटातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग व्हिएतनामचा नसून जपानचा आहे. ९–१० मार्च १९४५ च्या रात्री जनरल कर्टिस लमे यांच्या विमानांनी टोकियोवर आगबाँब टाकले आणि सुमारे एक लाख नागरिक मेले. बाँबफेक अधिक परिणामकारक कशी करता येईल, याचा हिशेब मॅकनमारांच्या विभागाकडे होता. जळालेल्या एकेका जपानी शहराच्या नावाबरोबर पडद्यावर तेवढ्याच आकाराच्या अमेरिकी शहराचे नाव येते. विमानातून बाँबऐवजी आकडे पडताना दिसतात. युद्ध हरलो असतो तर आपल्यावर युद्धगुन्हेगार म्हणून खटले चालले असते, हे लमे यांचे मत मॅकनमारा स्वतःच सांगतात आणि मान्यही करतात. मात्र स्वतःच्या वाट्याबद्दल बोलताना त्या हल्ल्याची एका अर्थी शिफारस करणाऱ्या यंत्रणेचा आपण एक भाग होतो, एवढेच त्यांच्या तोंडून येते. कबुली द्यायची, पण कर्ता गाळून, ही त्यांची लकब येथे पहिल्यांदा नीट पकडली जाते.

त्याला लागूनच फोर्डमधला किस्सा येतो. अपघातात डोक्याला होणारी इजा समजून घेण्यासाठी मानवी कवट्या जिन्यावरून खाली टाकण्याचे प्रयोग झाले आणि मोटारींत सीटबेल्ट आणण्याचा आग्रह मॅकनमारांनी धरला. तेच गणित, यावेळी जीव वाचवण्यासाठी. हे दोन प्रसंग शेजारी ठेवणे ही मॉरिस यांची टीका. निवेदकाचा आवाज मुळात नाहीच.

व्हिएतनामच्या भागात टोंकिनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकांवर झाल्याचे सांगितला गेलेला ४ ऑगस्ट १९६४ चा हल्ला झालाच नव्हता, हे मॅकनमारा मान्य करतात. त्याच ‘हल्ल्या’नंतर जॉन्सन यांना काँग्रेसकडून युद्धाची मोकळीक मिळाली होती. १९६७ पर्यंत मॅकनमारांचा या युद्धावरचा विश्वास उडाला होता, पण ते जाहीरपणे बोलले नाहीत. १९६८ मध्ये पद सोडून जागतिक बँकेचे अध्यक्ष झाले. आपण चुकलो, असे त्यांनी लिहिले ते थेट १९९५ च्या आठवणींत. तोवर ५८,००० हून अधिक अमेरिकी सैनिक आणि लाखो व्हिएतनामी मरून गेले होते. पद सोडल्यावरही युद्धाविरुद्ध का बोलला नाहीत, असे मॉरिस विचारतात, तेव्हा बोललो तरी शिव्या आणि न बोललो तरी शिव्या, अशा आशयाचे सांगून ते विषय बंद करतात.

चित्रीकरणासाठी मॉरिस यांनी ‘इंटरोट्रॉन’ हे स्वतः घडवलेले साधन वापरले. त्यात मुलाखतकाराचा चेहरा कॅमेऱ्याच्या भिंगासमोरच्या काचेवर दिसतो, त्यामुळे त्याच्याशी बोलणारा माणूस प्रेक्षकाच्या थेट डोळ्यांत पाहतो. पंचाऐंशीच्या घरातल्या मॅकनमारांचे भरून येणारे डोळे आणि आवळलेला जबडा यातून सुटत नाही.

चित्रपट मॅकनमारांना फार सोपा गेला, असा आक्षेप काही पत्रकारांनी घेतला. युद्धाची जबाबदारी जॉन्सन यांच्याकडे सरकवणारी त्यांची मांडणी पुरेशी तपासली गेली नाही, हा त्याचा रोख. आक्षेपात तथ्य आहे. मॉरिस उलटतपासणी क्वचितच करतात, माणसाला बोलू देतात. चित्रपट अकरा ‘धड्यां’त विभागला आहे, पण ते धडे मॉरिस यांनी मॅकनमारांच्या बोलण्यातून निवडले आहेत. मॅकनमारांनी स्वतःचे दहा धडे वेगळे दिले, ते डीव्हीडीसोबत आले.