कॉर्नफ्लेक्समधलं मीठ आणि पेजेसोबतचं लोणचं

समुद्राच्या १०० ग्रॅम पाण्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. त्यातलं सोडियम असतं एक ग्रॅमपेक्षा थोडं जास्त. १९९०च्या दशकात ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या काही कॉर्नफ्लेक्सच्या १०० ग्रॅममध्येही जवळपास तेवढंच सोडियम होतं. गुहागरच्या किंवा वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर लाटेचं पाणी तोंडात गेलं तर आपण लगेच थुंकून टाकतो. ब्रिटनमधली मुलं मात्र ते कॉर्नफ्लेक्स रोज सकाळी दुधात घालून आवडीनं खात होती आणि ते खारट असल्याचं कुणाच्या ध्यानातही येत नव्हतं.

याचं कारण ते बनवण्याच्या पद्धतीत आहे. मक्याचे जाड कण मीठ, साखर आणि माल्ट घातलेल्या पाण्यात शिजवतात, थोडे सुकवतात, रुळांखाली चपटे करतात आणि भाजतात. त्यामुळे मीठ दाण्याच्या आत मुरलेलं असतं. बटाट्याच्या वेफर्सवर ते वरून भुरभुरवलेलं असल्यामुळे जिभेला पहिल्यांदा तेच लागतं. कॉर्नफ्लेक्समधल्या मिठाला मात्र दाण्यातून बाहेर यायला वेळ लागतो, वरून साखर त्याची चव झाकते आणि दूध ते पातळ करतं. मीठ काढून टाकलं तर मका अगदी सपक लागतो, म्हणून कारखानदार ते सहजासहजी सोडत नाहीत.

ब्रिटनमध्ये मग याविरुद्ध आवाज उठला. सरकारी अन्न यंत्रणेनं पाव, न्याहारीचे पाकीटबंद पदार्थ, सॉस अशा रोजच्या गोष्टींमधल्या मिठाची उद्दिष्टं ठरवून दिली आणि कंपन्यांनी ते थोडं थोडं करून उतरवलं. २००३ मध्ये तिथला माणूस दिवसाला सरासरी ९.५ ग्रॅम मीठ खात होता, २०११ मध्ये ते ८.१ ग्रॅमवर आलं. त्याच काळात लोकांचा सरासरी रक्तदाबही उतरला. त्याला इतर कारणंही असणार, पण मिठाचाही वाटा त्यात असावा. मला यातली सर्वात मोलाची गोष्ट वाटते ती ही की चव बिघडल्याची ओरड फारशी झालीच नाही. मीठ हळूहळू कमी केलं तर काही आठवड्यांत जीभ त्याला सरावते आणि पूर्वीचं जेवणच खारट वाटू लागतं.

आता हे डबे चिपळूण, कणकवली, सावंतवाडीच्या दुकानांतही सहज मिळतात आणि गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या पिशवीतूनही येतात. ते फार खारट आहेत का, याचं उत्तर डब्यावरच छापलेलं असतं. फक्त तिथे मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं. त्या आकड्याला अडीचनं गुणलं की मीठ मिळतं. समजा, डब्यावर १०० ग्रॅममागे ५०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय, म्हणजे सव्वा ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये अशा प्रक्रिया केलेल्या पदार्थांसाठी सुचवलेली मर्यादा १०० ग्रॅममागे २८० मिलिग्रॅम सोडियमची आहे. तिच्या हिशेबानं हा डबा खारटच ठरतो.

पण आपण १०० ग्रॅम खात नाही. ३० ग्रॅम कॉर्नफ्लेक्स आणि दीडशे मिलिलिटर दूध (दुधातही थोडं सोडियम असतंच) मिळून वाडग्यात अर्ध्या ग्रॅमपेक्षा किंचित जास्त मीठ येतं. मोठ्या माणसासाठी दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमची. म्हणजे साधारण दहावा हिस्सा. वाडगा काठोकाठ भरला तर दुप्पट.

आता आपली न्याहारी याच मापानं मोजून पाहू. चार माणसांच्या कांदेपोह्यांत चहाचा एक सपाट चमचा मीठ पडतं, ते असतं पाच-सहा ग्रॅम. म्हणजे प्रत्येक बशीत सव्वा ते दीड ग्रॅम, वर शेव घातली तर आणखी. उकड्या तांदळाच्या पेजेत स्वतःचं सोडियम जवळजवळ नसतं, पण तिच्यासोबत आंब्याच्या लोणच्याची पंधरा ग्रॅमची फोड आणि खार घेतला की दीड-दोन ग्रॅम मीठ पोटात जातं. घावण्याच्या पिठात चिमूटभर मीठ असतं, ते चटणीशी खाल्लं तर हिशेब एक, खाऱ्या बांगड्याशी खाल्लं तर भलताच वेगळा. किनाऱ्यावरच्या बहुतेक घरांत कॉर्नफ्लेक्सच्या डब्यापेक्षा लोणच्याच्या बरणीतून जास्त मीठ येतं, हे मान्य करायला हवं. डबा टाळून आपण मिठापासून वाचलो असं समजणं धोक्याचं आहे.

सुक्या मासळीबद्दल मात्र सरसकट बोलू नये. बोंबील वलांडीवर टांगून, जवळा उघड्यावर पसरून उन्हात वाळवतात आणि बहुतेक वेळा त्यांना मीठ लावतच नाहीत. बांगडा, सुरमई, मुशी खारवतात, आणि त्यांच्यात शंभर ग्रॅममागे दहा ग्रॅमहून जास्त मीठ सहज असतं. खारा मासा पाण्यात भिजवून ते पाणी टाकून देण्याची आपल्याकडची पद्धत शास्त्राला धरून आहे. पाणी दोनदा बदललं तर आणखी बरं.

पापड हा त्याहून लपलेला मामला. पापडखारातही सोडियम असतं, पण ते मिठाच्या रूपात नसल्यामुळे जिभेला खारट लागत नाही. खाण्याच्या सोड्याचंही तेच. रक्तदाबाच्या रुग्णानं चवीवर भरवसा ठेवून पापड खाऊ नये.

आपल्याकडे इतकं मीठ आलं कुठून, याचंही कारण आहे. जून-जुलैत समुद्र खवळलेला, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. पावसाळ्याची बेगमी म्हणून मासे खारवायचे, कैऱ्या मिठात घालायच्या, कोकमाचं आगळ भरून ठेवायचं. मिठाशिवाय ते चार महिने निघत नसत. शिरोड्याच्या मिठागरावर १९३०च्या मे महिन्यात लोकांनी लाठ्या खाल्ल्या, त्यामागे स्वातंत्र्याच्या आकांक्षेबरोबर मिठाची ही रोजची गरजही होती. आज घरात फ्रिज आहे, बाजारात भाजी बारा महिने मिळते. बेगमीची गरज ओसरली, जेवणात मीठ तेवढंच राहिलं. भारतातलं सरासरी प्रमाण आठ ग्रॅमच्या आसपास आहे आणि जगाचं त्याहूनही जास्त, सुमारे १०.८ ग्रॅम.

हे जास्तीचं सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतं. रक्ताचं आकारमान वाढतं, रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर ताण येतो, मूत्रपिंडांना जादा काम पडतं, आणि वर्षानुवर्षं असं चाललं की रक्तदाब चढून बसतो. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ३२ देशांतल्या दहा हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली होती. त्यात ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी लोक होते. ते मीठ जवळजवळ खातच नाहीत, आणि उतारवयातही त्यांचा रक्तदाब वाढत नाही. वयाबरोबर रक्तदाब वाढायचाच, हा आपला समज त्यांच्यापुढे टिकत नाही.

“आम्हाला घाम येतो, आम्हाला मीठ लागतं,” असं किनाऱ्यावर हमखास ऐकू येतं. भर उन्हात चिरे काढणाऱ्या किंवा दिवसभर जाळं ओढणाऱ्या माणसाचं मीठ घामातून जातं, हे खरं. पण उकाड्याला सरावलेलं शरीर घामात कमी मीठ सोडतं आणि मूत्रपिंडंही ते राखून ठेवतात. पंख्याखाली बसून काम करणाऱ्याला ही सबब लागू होत नाही. शरीराची किमान गरज दिवसाला सव्वा ग्रॅम मिठाहूनही कमी आहे. सैंधव मीठ घेतल्यानंही सुटका नाही, कारण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. उलट त्यात आयोडीन मिसळलेलं नसेल तर नुकसानच. म्हणून मीठ कमी खावं, पण आयोडीनयुक्त खावं.

डब्याकडे परत वळायचं ते लहान मुलांसाठी. तिथे माझं मत ठाम आहे. ब्रिटनच्या मार्गदर्शनानुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला २ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ देऊ नये. मोठ्यांच्या मर्यादेत ज्या वाडग्यानं दहावा हिस्सा घेतला, तोच वाडगा या मुलाच्या दिवसभरातल्या मिठाचा चौथा हिस्सा संपवतो, आणि वर साखर देतो ती वेगळीच. शिवाय चवीची सवय याच वयात लागते. साध्या ओट्समध्ये सोडियम नगण्य असतं, मसाला ओट्समध्ये नसतं नगण्य, म्हणून ओट्स घेतानाही मागची बाजू वाचावी.

वर्षाच्या आतल्या बाळाच्या खाण्यात वरून मीठ घालायची गरजच नाही, त्याला लागणारं सोडियम दुधातून मिळतं. कोकणात त्याला नाचणीचं सत्त्व देतात. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि सोडियम जेमतेम काही मिलिग्रॅम. चव घेऊन पाहणाऱ्या मोठ्यांना ते अळणी लागतं आणि त्यांचा हात मिठाच्या बरणीकडे जातो. बाळाला ते अळणी लागत नाही, कारण खारट काय असतं हे त्याला अजून ठाऊकच नसतं.