हात पुढे कुणी करायचा? फ्रेंच सरदारी प्रेमकथांमागची रीत

बाराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये एखादा सरदार दुसऱ्याचा मांडलिक झाला की तो बोडक्या डोक्याने गुडघे टेकायचा आणि आपले जोडलेले हात धन्याच्या हातांत द्यायचा. धन्याने ते धरले की निष्ठेचा करार पक्का. दक्षिणेकडच्या त्रुबादूर कवींनी हाच विधी प्रेमात आणला. धन्याच्या जागी स्त्री बसवली, मांडलिकाच्या जागी प्रियकर. पुढच्या सातशे वर्षांच्या फ्रेंच प्रेमकथांत हाताला जे वजन आहे, त्याचं मूळ मला तरी इथेच दिसतं. तिथे हात धरणं म्हणजे आधी सत्ता मान्य करणं. लाडीगोडी नंतर.

क्रेतियाँ द त्र्वा या कवीने 1180च्या सुमारास आर्थर राजाचा सरदार लान्सलो आणि राजाची राणी यांची कथा रचली. त्यात राणी खिडकीच्या गजांआड असते, तो बाहेर. तिच्याकडे जाण्यासाठी तो गज उपसतो, बोटं कापली जातात, पण त्याचं तिकडे लक्षही नसतं. सकाळी चादरीवर रक्त सापडतं आणि आळ येतो शेजारीच झोपलेल्या दुसऱ्याच जखमी माणसावर.

सतराव्या शतकात तलवार मागे पडली आणि दरबार पुढे आला. कुणासमोर हातमोजा काढायचा, वस्तू देताना हात कसा पुढे करायचा, हे शिष्टाचाराच्या पुस्तकांतून शिकवलं जाऊ लागलं. चारचौघांत उघडपणे स्पर्श करता येईल असा अवयव एकच उरला, तो म्हणजे हात. मादाम द ला फायेत यांची ‘ला प्रेंसेस द क्लेव्ह’ ही कादंबरी 1678 साली लेखिकेच्या नावाविना छापली गेली. तिची गोष्ट मात्र शंभर-सव्वाशे वर्षं आधीच्या, राजा दुसरा आंरी याच्या दरबारातली. नायिका विवाहित आहे. द्यूक द नमूरवर तिचं मन जडलंय, पण ते ती त्याला कळू देत नाही. एका रात्री कुलोमिएच्या बागेतल्या मंडपात ती एकटी असते. समोर फितींची टोपली. त्यातल्या फिती निवडून ती वेताच्या एका अनोख्या काठीला गाठी मारत बसते. काठी कधीकाळी नमूरची होती; त्याच्या बहिणीकडून तिने ती, कुणाची ते माहीत नसल्यासारखं दाखवत, मिळवलेली. फितींचे रंग तेच, जे त्याने स्पर्धेत अंगावर घातले होते. त्यातला पिवळा तिच्या आवडीचा, पण केस सोनेरी असल्याने तिला स्वतःला वापरता न येणारा. आणि खिडकीबाहेर अंधारात उभा राहून नमूर हे सगळं पाहतो आहे. दोघांत एक शब्द नाही, स्पर्श नाही, आणि तरी त्याला सगळं कळतं. फ्रेंच गद्यात हातांकडून इतकं मोठं काम याआधी कुणी करून घेतलं असेल असं मला वाटत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पंखा उजव्या गालाला लावला की ‘हो’, डाव्या गालाला लावला की ‘नाही’, अशी ‘पंख्याची भाषा’ राजदरबारात चालायची, असं सर्रास सांगितलं जातं. या याद्या लोकांपर्यंत पोचल्या त्या एकोणिसाव्या शतकात, द्यूव्हेलरुआसारख्या पंखे विकणाऱ्या पेढ्यांच्या छापील पत्रकांतून. त्या हाती घेऊन जुन्या कादंबऱ्या वाचू नयेत. तिथल्या हालचालींना असा ठरलेला कोश नाही.

शोदेर्लो द लाक्लो यांच्या 1782 सालच्या पत्रकादंबरीत हात लेखणी धरतो आणि खोटं बोलायला शिकतो. एकूण 175 पत्रं. त्यातलं एक आर्त प्रेमपत्र व्हालमों हा कारस्थानी सरदार दुसऱ्याच स्त्रीच्या पाठीचं मेज करून लिहितो.

क्रांतीनंतर खालच्या थरातला माणूस वरच्या घरातला हात धरू पाहतो. स्तांदालच्या 1830 सालच्या कादंबरीतला झ्यूलियाँ हा लाकूड कापणाऱ्याचा मुलगा, महापौराच्या घरी शिकवणीला राहिलेला. बोलता बोलता हातवारे करताना त्याचा हात महापौराच्या बायकोच्या, मादाम द रेनालच्या, हाताला लागतो. ती तो झटकन मागे घेते. बस, तिने हात मागे न घेणं हे आता त्याला स्वतःचं कर्तव्य वाटू लागतं! दुसऱ्या दिवशी रात्री, लिंडनच्या झाडाखाली, दहाचे ठोके पडेपर्यंत हात धरला नाही तर वर जाऊन गोळी झाडून घ्यायची, असं तो ठरवतो. दहा वाजतात, तो हात धरतो. हात बर्फासारखा गार. नंतर वाऱ्याने पडलेली फुलांची कुंडी उचलायला ती उठते, परत येऊन बसते आणि आधीच ठरल्यासारखा हात पुन्हा त्याच्या हातात देते. प्रेमाचा खरा क्षण या दुसऱ्या वेळचा, कारण आता देणारी ती आहे.

बाल्झाकच्या 1836 सालच्या कादंबरीतली विवाहित काउंटेस द मोर्सोफ तिच्यावर प्रेम करणाऱ्या तरुण फेलिक्सला हाताचं चुंबन घेऊ देते, पण फक्त मागच्या बाजूचं. तळवा कधीच नाही. तिची सगळी नीतिमत्ता त्या एका सीमारेषेवर उभी आहे.

प्रूस्तपर्यंत येता येता हात आखडतो. त्याच्या अनेक खंडांच्या कादंबरीच्या 1919 सालच्या खंडात बॅरन शार्लूस तरुण निवेदकाशी हस्तांदोलन करतो ते मधलं बोट आणि अनामिका एवढीच पुढे करून, तीही मऊ कातड्याच्या मोज्यात. वाचक त्याला खानदानी गुर्मी समजतो. बॅरनला पुरुषांचं आकर्षण आहे हे पुढच्या एका खंडात उघड होतं, आणि मग मागचं पान उघडलं की त्या दोन बोटांतली गुर्मी ओढ लपवण्यासाठी होती हे दिसतं.