पोर्टफोलिओ वेगळा, मालिका वेगळी

प्रवेशाचे दिवस आले की ठाणे-नवी मुंबईतली मुलं आणि पालक फोटोग्राफीच्या प्राध्यापकांचं काम मोबाइलवर चाळू लागतात. 'या सरांचे फोटो भारी, त्या मॅडमचे अगदीच साधे' असा निकाल पाच मिनिटांत लागतो. तो बहुतेक वेळा चुकतो, कारण पोर्टफोलिओ आणि मालिका एकाच मापाने मोजलेल्या असतात.

पोर्टफोलिओ सगळ्यांच्या ओळखीचा. लग्न, प्रॉडक्ट, फॅशन, प्रवास, त्यातले निवडक उत्तम फोटो. फोटोग्राफरचा हात किती बसलाय ते गिऱ्हाइकाला कळलं की पोर्टफोलिओचं काम झालं. मालिका म्हणजे विद्यापीठात शिकवता शिकवता प्राध्यापक वर्षानुवर्षं करत राहतात ते काम. फोटो किती, रंगीत की कृष्णधवल, कॅमेरा कोणता, हे फरक गौण आहेत.

खरा घोळ पुढे आहे. विषय एक असला की मालिका झाली, असं लोक धरून चालतात. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंचे तीस देखणे फोटो एका भिंतीवर लावले, तरी तो पोर्टफोलिओच. प्रत्येक फोटो छान आला म्हणून निवडलेला असतो. एक काढला तर बाकीच्यांचं काही बिघडत नाही. विभागाच्या प्रदर्शनात अशा भिंतीवर 'प्रकल्प' अशी पाटी लावतात, ते मला अजिबात पटत नाही. गुलाबी रंग संगणकावर भडक करून लावतात, ते तर मुळीच नाही.

मालिकेत फोटो निवडायचा निकष एखाद्या प्रश्नातून येतो. पक्षी कधी येतात, कधी नाही, हा प्रश्न घेऊन खाडीकाठच्या एकाच जागेवरून, दर महिन्याला ओहोटीच्या वेळी, पक्षी असोत वा नसोत, फोटो काढला तर पक्षी न आलेला नुसता चिखलही भिंतीवर लागलाच पाहिजे. तो गाळला तर बाकीचे फोटो खोटं बोलू लागतात. एकेकटा पाहिला तर साधा वाटणारा फोटो तिथे याच कारणाने असतो.

बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन जोडप्याने १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींवरचे मनोरे टिपले. आभाळ ढगाळ, कॅमेरा समोरासमोर, फोटो कृष्णधवल, आणि मांडणी ओळीने शेजारी शेजारी. एकच टाकी पाहून काही हाती लागत नाही; नऊ टाक्या एकत्र पाहिल्या की प्रत्येकीचा घाट वेगळा दिसू लागतो. बर्न्ड १९७६ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत प्राध्यापक झाले. पुढे फोटोग्राफर म्हणून नावाजलेले आंद्रेआस गुर्स्की आणि थॉमस श्ट्रुथ त्यांचेच विद्यार्थी. नवी मुंबईतल्या मुलांना हे शिकायला जर्मनी कशाला हवी? वाशी, नेरूळ, बेलापूरचे जलकुंभ आहेत, आणि जुलैतलं आभाळ तसा सपाट उजेड फुकट देतं.

निकष नेहमी इतका कडक नसतो. शिकागोत आणि नंतर ऱ्होड आयलंडमध्ये शिकवणाऱ्या हॅरी कॅलहन या अमेरिकन फोटोग्राफरने आपल्या पत्नीचे, एलेनॉरचे, वर्षानुवर्षं फोटो काढले: कधी घरात, कधी रस्त्यावर, कधी पाण्यात. एकाच माणसाकडे किती तऱ्हांनी पाहता येतं, हा शोध त्या फोटोंना एकत्र बांधून ठेवतो. बडोद्याला चित्रकला शिकवणारे ज्योती भट्ट गावोगावच्या भिंतींवरची चित्रं आणि अंगणातल्या रांगोळ्या टिपत राहिले, आणि पुसल्या जाणाऱ्या कितीतरी गोष्टी त्यामुळे टिकल्या. मला स्वतःला हेच काम सगळ्यांत मोलाचं वाटतं. ते एकेका फोटोला किती लाइक पडले यावरून कसं तोलणार?

प्रवेशाआधी विभागात गेलात तर 'तुमचा सर्वांत चांगला फोटो कोणता' असं विचारू नका. 'कोणता चांगला फोटो मालिकेतून वगळलात, आणि का?' असं विचारा. उत्तर देताना जे सर किंवा मॅडम कपाटातून प्रिंटांचा गठ्ठा काढून टेबलावर मांडायला लागतील, त्यांच्या वर्गात बसा.