पार्श्वभूमी : बापाच्या कर्जाकडून लेकराच्या मनाकडे

विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांचा विषय निघाला की बोलणं 19 मार्च 1986 पर्यंत मागे जातं. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांच्या कुटुंबाचा तो शेवटचा दिवस. गेलेल्यांत लहान मुलंही होती, तरी पुढची वीस वर्षं चर्चा कापूस, भाव आणि सावकार यांच्याभोवतीच फिरली. 2006 मध्ये सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचं 3,750 कोटींचं पॅकेज आलं. त्याचा भर व्याजमाफी आणि सिंचनावर होता. नंतर शेतकऱ्यांना मानसिक आधार देणाऱ्या सरकारी प्रेरणा प्रकल्पातून आशाताई घरोघरी विचारपूस करू लागल्या, पण तीही मोठ्यांचीच. दुसरीतलं पोरगं तेराव्यानंतर दप्तर घेऊन शाळेत येतं, त्याच्याशी काय बोलायचं हे बाईंना कोणी शिकवलं नव्हतं.

मुलांना उमेद शिकवावी, हे मानसशास्त्रालाही उशिराच सुचलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन यांनी 1967 मध्ये कुत्र्यांवर प्रयोग केले. टाळता न येणारे विजेचे झटके सोसलेला प्राणी पुढे वाट मोकळी असूनही जागचा हलत नाही, असं त्यात दिसलं. हीच हतबलता शिकता येते तर उमेद का नाही, या प्रश्नातून 1990 च्या दशकात शाळकरी मुलांना अडचणीतून सावरायला शिकवणारा पेन रेझिलियन्सी प्रोग्रॅम उभा राहिला. 1998 मध्ये सेलिग्मन अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले आणि सकारात्मक मानसशास्त्राला, म्हणजे आजाराऐवजी माणसाच्या उमेदीचा, आनंदाचा अभ्यास करणाऱ्या शाखेला, नाव मिळालं.

मला मात्र त्याआधीचं काम जास्त मोलाचं वाटतं. मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी हवाईतल्या काउआई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, भांडणं, आजारपण यांत वाढलेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश मुलं नीट उभी राहिली. त्यांच्यापाशी बहुधा एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं : आजी, शेजारीण, नाहीतर शिक्षक.

दिल्लीच्या सरकारी शाळांत 2018 मध्ये मुलांच्या मनासाठी हॅपिनेस अभ्यासक्रम आला, महाराष्ट्रात 2024 मध्ये ‘आनंददायी शनिवार’. आपल्याकडे ‘आज काय बरं झालं?’ एवढं परिपाठात विचारलं तरी सुरुवात होते. “आमच्या शेळीले दोन पिल्लं झाले,” असं एखादं पोरगं सांगतं. दुसरं गप्प बसतं. त्याला हसायला लावायचं नसतं. मधल्या सुट्टीत जवळ बसायचं असतं. अडचण इथेच आहे. दोनशिक्षकी शाळेत एक गुरुजी ऑनलाइन माहिती भरण्यात अडकलेले असतात आणि दुसऱ्यांपुढे चार वर्ग असतात.