पंपाचा आवाज पलंग करतो

अण्णांना पक्षाघातानंतर दवाखान्यातून घरी आणलं, त्या संध्याकाळी सर्जिकलच्या दुकानातला मुलगा अल्फा बेड घेऊन आला. फुग्याफुग्यांची हवेची गादी, दोन लांब नळ्या आणि जेवणाच्या डब्याएवढा पंप. त्याने पंपाचे दोन हुक लोखंडी पलंगाच्या पायाकडच्या दांडीला अडकवले, नळ्या खोचल्या, बटण मध्यावर फिरवलं आणि ‘चोवीस तास चालू ठेवायचा, बंद नाही करायचा’ एवढं बजावून गेला.

तिसऱ्या रात्री अण्णा अडखळत म्हणाले, “पायाशी कोण गुणगुणतंय? बंद करा ते.” रात्रीच्या मावशींना दया आली आणि त्यांनी पंप बंद केला. सकाळी मी अण्णांना कुशीवर वळवलं, तेव्हा माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग होता. बोटाने दाबून सोडला तरी तो पांढरा पडत नव्हता. डाग दाबल्यावर पांढरा पडून पुन्हा लाल झाला, तर रक्त खेळतंय. पांढरा पडलाच नाही, तर बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी सुरू झाली. पंप बिघडला नव्हता, गादी फाटली नव्हती. आवाज सहन झाला नाही म्हणून उपचार थांबला होता. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. त्या सकाळपासून हा पंप माझ्या डोक्यातून गेला नाही.

आधी गादीचं काम समजून घेऊ. १९३० साली युजीन लँडिस या शरीरशास्त्रज्ञाने नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांत अतिशय बारीक काचनळी घालून रक्ताचा दाब मोजला. रक्त आत शिरतं त्या टोकाला तो सरासरी ३२ मिलिमीटर पारा भरला आणि बाहेर पडतं त्या टोकाला १२. ही मोजमापं निरोगी माणसांच्या बोटांची. त्यामुळे ३२ ही काही प्रत्येक रुग्णाची लक्ष्मणरेषा नव्हे, पण बाहेरून किती दाब आला की केशवाहिनी चेपेल याचा अंदाज येतो. साठ किलोचा माणूस आडवा झाला की त्याचं वजन साधारण अर्ध्या चौरस मीटरवर पसरतं आणि सरासरी दाब जेमतेम ९ मिलिमीटर पडतो. अडचण सरासरीची नाहीच. माकडहाड, टाचा, खुबे, खांद्याची हाडं अशा ठिकाणी कातडीखाली हाड लगेच लागतं आणि तिथे दाब कितीतरी चढतो. केशवाहिन्या चेपतात, रक्त थांबतं. मायकेल कोसियाक यांनी १९५९ साली कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं की इजा दाबावर ठरते तशी वेळेवरही ठरते. खूप दाब थोडा वेळ घातक, तसाच बेताचा दाब खूप वेळही घातक. म्हणून नर्स दर दोन तासांनी रुग्णाला कुशीवर वळवतात, आणि म्हणूनच अल्फा बेडच्या फुग्यांचे दोन गट असतात. पाचेक मिनिटं एक गट फुगतो, दुसरा बसतो. मग उलट. प्रत्येक जागेला आळीपाळीने विसावा मिळतो.

बेडसोअरवर नील आर्नट या स्कॉटिश डॉक्टरने १८३२ साली एक बिनआवाजी उपाय काढला होता. पाण्याने भरलेल्या टाकीवर रबरी कापड पसरायचं आणि त्यावर रुग्णाला निजवायचं. त्याने त्याचं पेटंटही घेतलं नाही, कुणालाही बनवू दिलं. पण पाणी जड आणि थंड, आणि त्याला आळीपाळी करता येत नाही. आळीपाळी हवी तर हवा हवी आणि हवा म्हटली की पंप आला.

कॉम्प्रेसर म्हटलं की पंक्चरवाल्याकडचा खडखडाट आठवतो. मोटरसायकलच्या टायरमध्ये ३० पीएसआय म्हणजे सुमारे १५५० मिलिमीटर पारा इतका दाब असतो. आपल्या गादीला ६० ते १०० पुरतो. मिनिटाला पाचेक लिटर हवा ६० मिलिमीटर दाबाने ढकलायची तर हवेवर होणारं काम एक वॅटही भरत नाही. एवढ्याशा कामाचा एवढा आवाज का व्हावा?

पंप उघडून पाहिला. आतली रचना माशांच्या टाकीतल्या पंपासारखीच. तारेचं वेटोळं, त्यासमोर एका हलत्या दांड्यावर बसवलेलं चुंबक आणि दांड्याला जोडलेला रबरी पडदा. आपली घरगुती वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, म्हणून चुंबक सेकंदाला ५० वेळा इकडून तिकडे ओढलं जातं आणि पडदा तेवढ्या वेळा हवा ढकलतो. फिरणारी मोटर नाही, घासणारा भाग जवळजवळ नाही, म्हणून हा पंप स्वस्त आणि टिकाऊ. दिवसाला किती धक्के, त्याचा हिशोब केला. ४३ लाख २० हजार. कोपऱ्यात एक चिमुकली मोटरही असते. ती एक चकती अगदी सावकाश फिरवते आणि हवा कधी या नळीत, कधी त्या नळीत सोडते. बसणाऱ्या गटातली हवा बाहेर पडताना ‘स्स्स’ आवाज येतो तो तिथला.

मी पंप पलंगावरून काढून हातात धरला. आवाज जवळजवळ गेला. पुन्हा दांडीला अडकवला, खोली भरून गेली. सगळं इंगित इथेच होतं.

मोबाईल व्हायब्रेटवर टाकून लाकडी टेबलावर ठेवला तर दुसऱ्या खोलीत ऐकू येतो, गोधडीवर ठेवला तर शेजारच्यालाही कळत नाही. कंपन तेच. ५० हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर असते. वीतभर डबा एवढी मोठी लहर हवेत नीट उठवूच शकत नाही. त्याच्या पुढची हवा दाबली गेली तर ती बाजूने वळून मागे जाते आणि हिशोब मिटतो. पण तोच डबा पलंगाच्या पत्र्याला घट्ट बांधला की सगळा पत्रा हलतो, पोकळ नळ्या हलतात आणि त्या मोठ्या पृष्ठभागाला हवा हलवणं जमतं. मिरजेत तंबोरे करणारे कारागीर हेच शास्त्र हाताने जाणतात. नुसत्या तारेला आवाज कसला? ती घोडीवर टेकते, घोडी तबलीवर, म्हणजे भोपळ्यावर बसवलेल्या पातळ लाकडी फळीवर, तबली भोपळ्यावर, आणि मग षड्ज खोलीभर पसरतो. आपण मात्र आजारी माणसाला तबलीवर झोपवतो आणि तारही तिलाच बांधतो.

म्हणून शांत पंप करायचा म्हणजे डब्यात स्पंज कोंबायचा, ही पहिली कल्पना चुकीची ठरते. सच्छिद्र स्पंज ध्वनी शोषतो खरा, पण त्याची जाडी लहरीच्या पाव लांबीच्या आसपास जाईल तेव्हाच नीट. ५० हर्ट्‌झला ती पावणेदोन मीटर होते! दोन सेंटिमीटर स्पंज झडपांची टिकटिक आणि हवेचा फुत्कार मऊ करेल, गुणगुण तशीच राहील. शिवाय पंपाला श्वास हवा. जाळी झाकली की तो तापतो.

खरं काम तीन ठिकाणी करायचं असतं. पहिलं, कंपन जन्मतानाच मारणं. चांगल्या पंपात एकाऐवजी दोन दांडे समोरासमोर असतात. एक डावीकडे गेला की दुसरा उजवीकडे जातो, आणि डब्याला बसणारे धक्के एकमेकांना खातात. एक पडदा फाटला की हा तोल जातो. त्यामुळे पंप अचानक घुमायला लागला तर ती दुरुस्तीची हाक समजावी. दुसरं, हवेतले ठोके. पडद्यानंतर लगेच एक लहानशी पोकळी ठेवली तर ती सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीसारखी वागते. मोटर पाणी कसंही चढवो, नळाला धार एकसारखी येते. ही पोकळी नसेल तर ठोके नळीतून थेट गादीत जातात आणि रुग्णाला ते कानाने नव्हे, पाठीने कळतात.

तिसरं ठिकाण रबराचं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिथेच होतं. पंप रबरावर बसवला की तो स्प्रिंगवरच्या वजनासारखा होतो आणि त्याला स्वतःचा एक डोल मिळतो. हा डोल काढायला सोपी युक्ती आहे. पंपाच्या वजनाने रबर किती दबलं ते पाहायचं. रबर १ मिलिमीटर दबलं तर डोल सेकंदाला सुमारे १६ वेळा. ५० चा धक्का त्याच्या तिपटीहून वेगवान, म्हणून रबर तो गिळतं आणि खाली जेमतेम नववा हिस्सा पोहोचतो. आता रबर कडक असेल आणि ०.१ मिलिमीटरच दबत असेल तर? डोल येतो सेकंदाला ५०. म्हणजे नेमका विजेच्या तालावर! असं रबर कंपन अडवत नाही, झोपाळ्याला लयीत झोका द्यावा तसं वाढवतं. प्रत्यक्षात रबर हलताना थोडं आणखी ताठ वागतं, त्यामुळे हिशोब ढोबळ आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष पक्का आहे. डब्याखाली काळ्या बुचाएवढे कडक पाय चिकटवले की काम झालं असं नाही. किती मऊ, हे वजन पाहून ठरवावं लागतं. आणि रबर उन्हाने, उष्णतेने, वयाने कडक होतं. दोन वर्षं शांत असलेला पंप हळूहळू बोलका होतो, त्याचं एक कारण हेही.

आमच्या पंपाच्या हुकांना तर रबर नव्हतंच. पंपाला मऊ पाय दिले होते ते जमिनीवर ठेवण्यासाठी, टांगायचे हुक मात्र कडक प्लास्टिकचे. डब्यावर छापलेले डेसिबल पंपाचे असतात, तुमच्या पलंगाचे नसतात.

एका रात्री वीज गेली, इन्व्हर्टर लागला, आणि गुणगुणीची भुणभुण झाली. स्वस्त इन्व्हर्टरची वीज गुळगुळीत लहरीची नसते, ती पायऱ्यापायऱ्यांची किंवा चौकोनी असते. चौकोनी लहरीत ५० सोबत १५० आणि २५० हर्ट्‌झही मिसळलेले असतात. १५० चा वाटा मूळ लहरीच्या एक तृतीयांशच, पण आपला कान ५० ला इतका मंद आणि १५० ला इतका तिखट आहे की तो तिसरा हिस्साच मोठा ऐकू येतो. लोडशेडिंगच्या गावांत विकल्या जाणाऱ्या पंपाची चाचणी इन्व्हर्टरवरही व्हायला हवी, असं मला कळकळीने वाटतं.

एवढ्याशा आवाजाचं काय घेऊन बसलात, असं मला एका नातेवाइकाने विचारलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली रुग्णालयाच्या वॉर्डासाठी रात्रीची मर्यादा ३० डेसिबल सुचवली. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असतं आणि तिथे रात्री ४० डेसिबलच्या वर जायचं नाही. प्रत्यक्षात काय होतं ते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या इलीन बुश-विश्नियाक, जेम्स वेस्ट आणि सहकाऱ्यांनी २००५ साली मांडलं. वेस्ट म्हणजे गेरहार्ड सेस्लर यांच्यासोबत १९६२ साली इलेक्ट्रेट मायक्रोफोन बनवणारे संशोधक. जगभरच्या रुग्णालयांतली मोजमापं जुळवल्यावर दिसलं की १९६० साली रात्रीची सरासरी ४२ डेसिबल होती, ती ६० वर गेली. डेसिबलच्या पट्टीवर १८ ची वाढ म्हणजे आवाजाची ऊर्जा ६० पटींहून जास्त. हा सगळा आवाज पंपांचा नाही. माणसं, ट्रॉल्या, अलार्म सगळे त्यात आहेत. पण ट्रॉली निघून जाते, अलार्म थांबतो, आणि पायाशी टांगलेला डबा मात्र रात्रभर तिथेच असतो. शिवाय एकसुरी गुणगुण तेवढ्याच डेसिबलच्या पावसाच्या आवाजापेक्षा जास्त छळते.

पंप थांबून थांबून चालवला तर? दाब भरला की बंद, उतरला की चालू. वीज वाचते, पण झोपलेल्या माणसाला आवाजापेक्षा आवाजातला बदल उठवतो. दर काही मिनिटांनी दचकण्यापेक्षा सलग मंद सूर बरा, हे फ्रीजशेजारी झोपलेल्या कुणालाही पटेल.

पूर्ण नि:शब्द पंपही आता आहेत. पिझो पंपात वीज दिली की वाकणारी एक पातळ चकती सेकंदाला २०,००० हून जास्त वेळा थरथरते, म्हणजे माणसाच्या कानाच्या पलीकडे. जखमेवर लावायच्या छोट्या उपकरणांना ते शोभतात. पण एका चकतीतून हवा थोडीच निघते. अख्खी गादी फुगवायला असे बरेच पंप लागतील आणि किंमत आपल्या घरांना झेपणार नाही. मला तरी भरवसा वाटतो तो जुन्याच पंपात समोरासमोर दोन दांडे, हवेची पोकळी आणि नीट मोजलेलं मऊ रबर घालण्यावर. या तिन्हींचा खर्च फार नाही.

आम्ही घरी काय केलं ते सांगते. पंप पलंगावरून काढला. योगासनांच्या चटईचे चार जाड तुकडे दुहेरी करून त्यावर जमिनीपासून वर, एका वेगळ्या लाकडी स्टुलावर ठेवला. हवेची जाळी उघडी, कपडा गुंडाळलेला नाही. नळ्या सैल सोडल्या, पलंगाच्या दांडीला कुठे टेकत नाहीत आणि दुमडतही नाहीत ना ते पाहिलं. स्टूल पलंगाला लागणार नाही एवढं अंतर ठेवलं. त्या रात्री अण्णांनी विचारलं, “चालू आहे ना?” मावशींनी त्यांचा हात गादीच्या फुगणाऱ्या कडेवर नेऊन ठेवला. लाल डाग पाचव्या दिवशी गेला.

मावशींनी मग स्वतःच एक सवय लावून घेतली. पाळीवर आल्या की आधी पलंगाच्या पायाकडच्या दांडीवर तळहात ठेवायचा आणि मगच अण्णांशी बोलायचं. दहा महिन्यांनी एका संध्याकाळी त्यांनी हात जरा जास्त वेळ ठेवला, मग वाकून स्टुलाकडे पाहिलं. स्टूल सरकून पलंगाला टेकलं होतं. त्यांनी ते मागे ओढलं, चटईचे तुकडे अंगठ्याने दाबून पाहिले आणि म्हणाल्या, “ताई, हे आता चपटे झालेत. नवे आणा.”