लाल मातीचा टेम्पो परत पाठवा

जून तोंडावर आला की नर्सऱ्यांच्या बाहेर लाल मातीचे ढीग वाढू लागतात. कुणी नुकतंच जुनं घर घेतलेलं असतं, कुणी आई-वडिलांच्या माघारी बंद पडलेल्या बंगल्याचं कुलूप उघडलेलं असतं. मागच्या आवाराकडे कित्येक वर्षांत कुणी फिरकलेलं नसतं. गाजरगवत कमरेपर्यंत, कुंपणाला घाणेरीचं जाळं, मधोमध बांधकामाच्या वेळचा राडारोडा. इथं बाग करायची असं ठरतं आणि नर्सरीतला सल्ला ठरलेला असतो: दोन बाय दोनचे खड्डे घ्या, निघालेली माती फेकून द्या, लाल माती आणि शेणखत भरा, रोप लावा. टेम्पो येतो, खड्डे भरतात. सप्टेंबरपर्यंत पपई गेलेली असते, लिंबू पिवळं पडलेलं असतं आणि ‘आपल्या हाताला गुणच नाही’ असा निष्कर्ष निघतो.

हाताचा यात काही संबंध नसतो. गडबड खड्ड्यात असते.

पुणे, सातारा, अहिल्यानगर, नाशिक या पट्ट्यातली बहुतेक जमीन बसाल्टवर बसलेली आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले. त्या दगडाची झीज होऊन मुरूम झाला आणि मुरमाची आणखी झीज होऊन काळी माती. घर बांधताना याच जमिनीवरून खडीचे ट्रक गेले, मिक्सर उभा राहिला, विटांची थप्पी लागली. जमीन दाबली गेली. अशा कठीण मुरमात पहारीने खणलेला आणि भुसभुशीत मातीने भरलेला खड्डा म्हणजे चार भिंती आणि तळ असलेला हौदच. पावसाचं पाणी वरून झटकन आत जातं, पण खालून त्याला वाट नसते. मुळांना श्वसनासाठी प्राणवायू लागतो आणि प्राणवायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पट हळू तो पाण्यातून पसरतो. म्हणजे पाण्यात बुडालेल्या मुळाशी तो पोचतच नाही म्हटलं तरी चालेल. पपई याबाबतीत फार नाजूक. पाणी दोन दिवस तुंबलं तरी तिचं झाड माना टाकतं. वरून पाहणाऱ्याला पानं सुकलेली दिसतात, म्हणून तो आणखी पाणी घालतो.

खड्ड्यांआधी एकच खड्डा घ्यावा, तोही रिकामा ठेवण्यासाठी. फूटभर खोल खणायचा, पाण्याने भरायचा, ते जिरलं की पुन्हा भरायचा आणि दुसऱ्यांदा पाणी तासाला किती उतरतं ते पट्टीने मोजायचं. तासाला दोन-तीन सेंटिमीटर उतरलं तर बहुतेक झाडं तिथे राहतील. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल, तर तिथे कितीही टेम्पो रिते करा, उपयोग नाही. मग झाड खड्ड्यात नव्हे, उंच वरंब्यावर लावायचं.

चांगल्या बागेची माती हातात घेतली, तर तिच्या आकारमानातला साधारण निम्मा भाग खनिज कणांचा आणि थोड्याशा सेंद्रिय पदार्थाचा असतो. उरलेला निम्मा पोकळी असतो. त्या पोकळीत अर्धं पाणी, अर्धी हवा, असं प्रमाण झाडाला मानवतं. पडीक आवारात कमी पडते ती ही पोकळी, आणि ती टेम्पोत मिळत नाही.

ती आहे की नाही हे पाहण्याचा एक सोपा प्रयोग आहे. आवारातल्या उघड्या, तुडवलेल्या जागेतलं लिंबाएवढं ढेकूळ घ्यायचं. दुसरं तसंच ढेकूळ जुन्या झाडाखालून, जिथे वर्षानुवर्षं पाला पडून कुजला आहे तिथून आणायचं. दोन्ही सावलीत खडखडीत वाळू द्यायची. मग काचेच्या दोन पेल्यांत पाणी घेऊन चहाच्या गाळण्यांवर ती अलगद बुडवायची. उघड्या जागेतल्या ढेकळातून बुडबुडे येऊ लागतात, कडा ढासळतात आणि पाहता पाहता गाळणीतून गढूळ धार लागून पेल्याच्या तळाशी चिखल बसतो. झाडाखालचं ढेकूळ मात्र बराच वेळ टिकून राहतं आणि पाणीही स्वच्छ राहतं. पाणी आत शिरताना कणांमधली हवा कोंडते आणि बाहेर पडायला धडपडते. पहिल्या ढेकळात तिला रोखणारं काही नसतं. दुसऱ्यात बुरशीचे तंतू, जिवाणूंनी सोडलेला चिकट पदार्थ आणि मुळांचे स्राव यांनी कण एकमेकांना धरून ठेवलेले असतात. पहिल्या जमिनीवर वळवाचा पाऊस पडला की हेच घडतं: वरचा थर विरघळतो, बारीक कण छिद्रांत जाऊन बसतात, उन्हात त्याची पापडी होते आणि पुढचा पाऊस वरूनच वाहून जातो.

काळ्या मातीबद्दल नवशिक्यांच्या मनात उगीच अढी असते. भिजली की चिकटते, वाळली की भेगाळते, हे खरंच आहे. तिच्यातले स्मेक्टाइट जातीचे चिकणकण पाणी पिऊन फुगतात आणि वाळताना आकसतात. पण हेच कण कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश यांसारखी पोषकद्रव्यं धरून ठेवण्यात पटाईत असतात. लाल जांभ्याच्या मातीपेक्षा कित्येक पटीने जास्त. आपण पैसे मोजून जास्त धरणारी माती काढतो आणि कमी धरणारी भरतो. शिवाय ती लाल माती कुठल्या तरी डोंगराची साल काढूनच आलेली असते, हेही मला खटकतं. काळ्या मातीत वाळू मिसळण्याचा सल्लाही ऐकू नये. थोड्याशा वाळूने पोकळी वाढत नाही, तिच्या कणांमधल्या जागा चिकणमाती भरून टाकते.

काळ्या मातीची एक अट मात्र पाळावीच लागते, ती म्हणजे वाफसा, म्हणजे माती कुदळीला मानवेल इतपतच ओली असणं. ओल्या मातीत कुदळ घातली की कण एकमेकांवर घासून छिद्रं लिंपली जातात आणि नंतर त्यांची वीट होते. मूठभर माती दाबून लाडू वळावा आणि अंगठ्याने टोचावा. फुटून भुगा झाला तर वाफसा आला, नुसता खळगा पडला तर कुदळ परत ठेवावी. वाफसा आल्यावरही जमीन उलथीपालथी करायची गरज नाही. पहार खोल घुसवून नुसती हलवावी, भेगा पडू द्याव्यात.

जमीन न उलथण्याचं दुसरं कारण तणांचं आहे. आवार ‘साफ’ करून खणलं की पंधरवड्यात पूर्वीपेक्षा दाट तण उगवतं आणि माणूस हतबल होतो. मातीत तणांच्या बियांचा साठा असतो. त्या किती काळ टिकतात हे पाहण्यासाठी अमेरिकेत मिशिगनमध्ये विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली २१ प्रकारच्या बिया वाळूत मिसळून २० बाटल्यांत भरल्या आणि जमिनीत पुरल्या. त्या ठरावीक वर्षांनी एकेक करून बाहेर काढल्या जातात. २०२१ साली काढलेल्या बाटलीतल्या काही बिया १४१ वर्षांनंतरही उगवल्या! ही बाटली पहाटेच्या अंधारात खणून काढली होती. याचं कारण आपल्या कामाचं आहे. बऱ्याच तणांच्या बारीक बियांत फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं, त्याला क्षणभर उजेड लागला तरी उगवण्याची आज्ञा मिळते. खोल गाडलेलं बी झोपून राहतं. कुदळीने ते वर आलं की जागं होतं.

शेतकऱ्याला हे शास्त्र न शिकताही ठाऊक आहे. पहिल्या पावसानंतर तो लगेच पेरत नाही, तण उगवू देतो आणि मग कुळवाची पाळी घालतो. परसातही तेच करावं. पहिल्या चांगल्या पावसानंतर तणाला दोन-तीन पानं येऊ द्यावीत आणि खुरप्याने वरच्या वरच कापावं. खोल जाऊ नये. असं दोनदा केलं की वरच्या थरातला साठा बराच रिता होतो.

गाजरगवताला वेगळी वागणूक द्यावी लागते. मूळ अमेरिका खंडातलं हे तण भारतात तण म्हणून नजरेत भरलं ते १९५० च्या दशकात, आणि तेही पुण्यात. आज ते जवळपास देशभर आहे. एक झाड १५ ते २५ हजार बिया देऊ शकतं, म्हणून ते फुलावर यायच्या आधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटायचं. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं, तेव्हा हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. फुलं नसलेलं गाजरगवत खुशाल खतात टाकावं. पावसाळ्यात त्याच्या पानांवर मळकट पांढरे, तपकिरी रेघांचे छोटे भुंगे दिसले तर त्यांना मारू नका. झायगोग्रामा नावाचा हा भुंगा मेक्सिकोहून मुद्दाम आणून १९८४ साली बंगळुरू परिसरात सोडला होता. आता तो महाराष्ट्रातही फिरतो आणि त्याच्या अळ्या झाडाचा नुसता सांगाडा ठेवतात.

लव्हाळ्यापुढे मात्र खुरपं हरतं. जमिनीखाली त्याच्या गाठींची माळ असते आणि टोकाची गाठ बाकीच्यांना दाबून ठेवते. माळ तुटली की प्रत्येक गाठ स्वतंत्र फुटते, म्हणजे खणून आपण त्याची लागवडच करतो. लव्हाळा आणि हराळी दोन्ही उन्हाची भुकेली. तिथे जाड पुठ्ठे चिकटपट्टी काढून एकमेकांवर चढवून अंथरावेत, भिजवावेत, वर शेणखत आणि वीतभर पालापाचोळा घालावा आणि भोपळ्याचा वेल सोडून द्यावा. सावलीने ती दमतात. एका हंगामात संपतील असं मात्र नाही.

उरलेल्या जागेत पहिल्या पावसाळ्यात काही ‘लावू’ नये, ताग पेरावा, हिरवळीचं खत म्हणून. पाणी साचणाऱ्या भागात त्याच कामाचा धैंचा. बी दाट फेकायचं. मूळ खाली जात मुरमाच्या फटी रुंदावतं आणि वर दीड महिन्यात माणसाएवढं रान उभं राहतं. महिन्याभराने एक रोप अलगद मुळासकट उपटून पाहावं. मुळांवर मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या गाठी असतात. एखादी नखाने फोडली की आतून गुलाबी, जवळजवळ रक्तासारखी दिसते. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचंच हे भावंड, त्यातही लोह. गाठीत राहणारे रायझोबियम जिवाणू हवेतल्या नत्राचं अमोनियात रूपांतर करतात, पण त्यासाठी लागणारं त्यांचं विकर प्राणवायूने निकामी होतं. उलट जिवाणूंना जगायला प्राणवायू तर हवाच. हे प्रथिन प्राणवायूला धरून ठेवतं आणि अगदी मोजून पुरवतं. गाठ आतून पांढरी किंवा हिरवट असेल तर काम बंद आहे असं समजावं. फुलं येऊ लागताच ताग कापायचा आणि तिथेच पसरायचा.

वाळका पाला मातीत मिसळायचा की वर पसरायचा, यावर बरेच वाद झडतात. मी वर पसरणाऱ्यांच्या बाजूने. वाळक्या पानांत नत्राच्या तुलनेत कर्ब पन्नास-साठ पट किंवा त्याहूनही जास्त असतो. जिवाणूंना साधारण पंचवीस-तीस पट चालतो. पाला मातीत गाडला की नत्राची तूट ते आसपासच्या मातीतून भरून काढतात आणि रोप उपाशी राहतं. तोच पाला वर पसरला तर ही ओढाताण वरच्या बोटभर थरातच होते, मुळांपर्यंत पोचत नाही. शिवाय मे महिन्यात उघड्या मातीचा पृष्ठभाग पन्नास अंशांवर जातो, आच्छादनाखाली तो कितीतरी थंड राहतो. वाळवीची भीती अनेकांना वाटते, पण तिच्या बहुतेक जाती मेलेलं लाकूड आणि पालाच खातात. पाला बुंध्यापासून वीतभर दूर ठेवला की पुरे.

पिवळ्या पडलेल्या लिंबाला खत टाकण्याआधी कुठली पानं पिवळी आहेत ते पाहावं. नत्र झाडात हलवता येतं. कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून कोवळ्यांना देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी होतात. लोह असं हलत नाही. ते कमी पडलं की नवी पालवीच पिवळी येते आणि तिच्यातल्या शिरा मात्र हिरव्या राहतात. आपल्या आवारात हा दुसरा प्रकार फार. मातीवर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसलं तर चुनखडी आहे, मग ती मुळातली असो वा सिमेंटच्या राडारोड्यातून आलेली. अशा मातीत लोह असतं, पण विरघळत नाही. तिथे युरिया टाकून काही होत नाही. राडारोडा वेचून काढावा, चिलेटेड लोह, म्हणजे विरघळलेलंच राहील असं बांधलेलं लोह, फवारावं आणि कंपोस्ट घालत राहावं.

गांडुळं विकत आणून आवारात सोडण्याचीही टूम आहे. गांडूळखताच्या बेडमध्ये असतात ती बहुधा आयसेनिया फेटिडा जातीची. ती शेणात आणि कुजक्या पाल्यात राहणारी, कोरड्या खनिज मातीत ती टिकत नाहीत. जमिनीत बिळं करणारी आपली देशी गांडुळं वेगळी. त्यांना आणावं लागत नाही, पाला आणि ओल टिकली की ती येतात.

एवढं झाल्यावर झाडांच्या जागा ठरवायच्या, आणि इथे मे महिना फसवतो. तेव्हा दुपारचा सूर्य डोक्यावर असतो आणि सगळं आवार उन्हात न्हालेलं दिसतं. डिसेंबरात मात्र पुण्याच्या अक्षांशावर भर दुपारीही तो दक्षिणेला जेमतेम ४८ अंशांवर असतो. दक्षिणेकडे दहा फुटांची भिंत असेल तर तिची सावली नऊ फूट आत येते आणि त्या पट्ट्यातले टोमॅटो हिवाळाभर फुलाविना उभे राहतात. त्या पट्ट्यात अळू, आलं आणि हळद लावावी. टोमॅटो-वांगी उत्तरेच्या भिंतीपुढे, जिथे हिवाळ्यातलं ऊन समोरून येतं. आणि नर्सरीतून आणलेल्या रोपाची पिशवी कापल्यावर त्याचा लाल मातीचा घट्ट गोळा तासभर पाण्यात ठेवून कडेने मोकळा करावा. नाहीतर मुळं वर्षानंतरही त्या गोळ्यातच घुटमळत असतात.